जुने काढा, नवे घाला: विश्वास रोजच्या वागण्यात उतरवताना

विश्वास ठेवला, बाप्तिस्मा झाला, रविवारची उपासना चुकत नाही. आणि तरी घरात आवाज चढायचा तेव्हा चढतोच, अडचणीत सापडलो की जीभ खोट्याकडेच वळते. हा अनुभव फार जणांना येतो. त्यातले कित्येक मनातल्या मनात ठरवून टाकतात की आपला विश्वासच कच्चा. बहुतेक वेळा तसे नसते. विश्वास खरा असतो, पण तो जगण्याच्या एकेका कोपऱ्यात कसा न्यायचा हे कुणी हाताला धरून दाखवलेले नसते. ‘जीवन बदला’ हे उपदेशात ऐकायला मिळते. सोमवारी सकाळपासून नेमके काय करायचे ते राहून जाते. ते इथे मांडले आहे.

आधी क्रम नीट लावा

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली 8, 9 आणि 10 ही तीन वचने एका दमात वाचा. तारण कृपेने, कर्मांनी नाही, असे पहिली दोन सांगतात. तिसरे लगेच म्हणते की सत्कृत्ये करण्यासाठीच आपली घडण झाली आहे. म्हणजे सत्कृत्ये आहेतच, पण ती मुळाशी नाहीत, फांदीवर आहेत. देव आधी जवळ घेतो, बदल त्यानंतर सुरू होतो.

हा क्रम उलटा झाला की सगळे बिघडते. ‘मी सुधारलो की देव मला जवळ करील’ असे धरून चालणाऱ्याला चार दिवस जमले तर गर्व चढतो, आणि पाचव्या दिवशी घसरला की तो प्रार्थनाच सोडतो. क्रम उलटा झाल्याची ही पक्की खूण समजा: चूक घडल्यावर देवासमोर जावेसे वाटत नाही, दोन-तीन दिवस बायबल उघडले जात नाही. यावर उपाय एकच. चूक घडली त्याच तासाला प्रार्थनेला बसायचे, मग ती दोन वाक्यांची का असेना. ‘आधी जरा शांत होतो, मग बसतो’ यात आठवडा निघून जातो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच होते: सगळे प्रभू करील, आपण स्वस्थ बसावे. रोमकरांस पत्राच्या 12:2 मध्ये, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मनाचे नवीकरण होऊन रूपांतर होऊ द्या असे सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद तेच आहे, जे डोंगरावर येशूचे रूप पालटले तेव्हा मत्तय 17:2 आणि मार्क 9:2 मध्ये आले आहे. इथे ते आज्ञा म्हणून येते आणि कर्मणीही आहे: बदलले जा. बदलणारा देव, त्याच्या हातात स्वतःला देत राहणे आपल्याकडे. मार्क 4:26–29 मधला पेरणारा झोपतो, उठतो, बी कसे रुजते ते त्याला कळतही नाही. पण पेरणी त्याची त्यालाच करावी लागते. पुढे सांगितलेले सगळे म्हणजे ही पेरणी आहे.

एकच गोष्ट घ्या, आणि तिला नाव द्या

‘मी पापी आहे’ हे खरे, पण एवढ्यावर काम करता येत नाही. ‘मुलीचा अभ्यास घेताना मी तिला टाकून बोलतो’ यावर येते. सहा आठवड्यांसाठी अशी एकच गोष्ट घ्या. एकदम पाच घेतल्या की पंधरा दिवसांत एकही हातात राहत नाही.

काय घ्यावे हे सुचत नसेल तर गलतीकरांस पत्र 5:19–21 मधली देहाच्या कर्मांची यादी सावकाश वाचा. तिच्यात 15 नावे आहेत. आपण सुरुवातीची व्यभिचाराची आणि शेवटची दारूबाजीची नावे बघतो आणि ‘हे आपल्यात नाही’ म्हणून पुढे सरकतो. पण मधली आठ अशी: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. मंडळीत वर्षानुवर्षे मानाने वावरणाऱ्या माणसालाही या आठांत स्वतःचे नाव सापडते. तिथून सुरुवात करा.

मग एक साधी वही घ्या आणि रोज रात्री 10 मिनिटे द्या. सोळाव्या शतकात जेज्वीट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली पद्धत यासाठी आजही उत्तम चालते: आधी दिवसाबद्दल आभार, मग स्वतःकडे खरेपणाने बघता यावे म्हणून प्रकाश मागणे, मग दिवस घटनेघटनेने आठवणे, मग क्षमा मागणे, आणि शेवटी उद्यासाठी एक ठराव. आभार पहिले आहेत याला अर्थ आहे. दोषांपासून सुरुवात करणारा माणूस आठवड्याभरात वही बंद करतो.

नोंद घटनेची करा. ‘मी नालायक, आजही तेच’ असे लिहून काही हाती लागत नाही. नोंद अशी असावी: ‘बुधवार, रात्री 8:15. कामावरून येऊन वीस मिनिटे झाली होती. भूक लागली होती. फोनवर साहेबांचा निरोप वाचत होतो. मुलीने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मी ओरडलो. हवे होते: घरी आल्यावर कुणी काही मागू नये.’

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. याकोब 4:1–2 मध्ये भांडणांचे मूळ आपल्या आतल्या हव्यासात दाखवले आहे. ‘हवे होते’ ही ओळ त्या मुळापर्यंत नेते. पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्या की नक्षी दिसू लागते: तीच वेळ, तीच भूक, तोच फोन, आणि खाली तीच एक मागणी, की घर आपल्या मनाप्रमाणे चालावे. राग वर दिसतो. खाली गादीवर आपण बसलेले असतो.

कबुली आणि भरपाई

पापे कबूल केली तर देव क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 चे वचन पाठ असलेले पुष्कळ आहेत. चुकते ते मोघमपणात. ‘प्रभू, माझी सर्व पापे क्षमा कर’ यात काहीच उघडे पडत नाही. वहीतली नोंद समोर ठेवून तीच देवाला सांगा, वेळेसकट.

माणसाची क्षमा मागताना शब्द जपून वापरा. ‘तुला वाईट वाटले असेल तर सॉरी’ ही कबुली नाहीच; ‘असेल तर’ने सारा दोष समोरच्याच्या हळवेपणावर ढकलला. ‘माझे चुकले, पण तूही...’ यातल्या ‘पण’नंतर आधीचे शब्द पुसले जातात. साधे बोला: ‘काल पाहुण्यांसमोर मी तुझा अपमान केला. ते चुकीचे होते. मला क्षमा कर.’ आणि गप्प राहा. कारणे सांगू नका. लगेच उत्तर मागू नका. क्षमा करायला त्या माणसाला दिवस लागोत की महिने, घाई करण्याचा हक्क आपल्याला नाही. स्तोत्र 51 वाचा, आपले पाप कबूल करताना दावीद राजा एकही सबब पुढे करत नाही.

कबुली किती जणांपुढे करायची? चूक जेवढ्यांपर्यंत पोचली तेवढ्यांपुढे. चारचौघांत अपमान केला असेल तर त्याच चौघांसमोर बोलायला हवे. पण एखाद्याबद्दल मनात आलेली वासना किंवा हेवा त्या व्यक्तीला जाऊन सांगणे म्हणजे आपले ओझे तिच्या डोक्यावर देणे. ते देवाला आणि एका परिपक्व विश्वासणाऱ्याला सांगावे. कॅथलिक परंपरेत यासाठी धर्मगुरूंसमोरचा प्रायश्चित्त संस्कार आहे.

नुकसान झाले असेल तर ते भरून द्यावे लागते. हा भाग हल्ली फार पटकन ओलांडला जातो, आणि मग विश्वासाचा वास नुसता शब्दांना येतो. लूक 19 मध्ये जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करतो. येशू त्याच्या घरी आला तो या हिशेबाच्या आधी, हेही बघा. पुन्हा तोच क्रम. हिशेब कसा करावा हे ठरत नसेल तर गणना 5:6–7 मध्ये माप दिले आहे: पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. कामाच्या ठिकाणी हजाराचे खोटे बिल लावले असेल तर बाराशे परत. माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, तोही नसेल तर देवाच्या कामाला, असे पुढच्याच वचनात आहे. गुन्हा मोठा असेल, कायद्याचा प्रश्न असेल, तर आधी वकिलाशी आणि पाळकांशी बोला. परिणाम टाळण्यासाठी नाही, ते नीट पेलण्यासाठी.

रिकामी जागा तशी ठेवू नका

सगळ्यात जास्त प्रयत्न फसतात ते इथे. माणूस वाईट सवय थांबवतो आणि थांबतो. मत्तय 12:43–45 मधले घर झाडून, सजवून ठेवलेले आहे, पण रिकामे आहे. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आपल्यापेक्षा वाईट असे सात सोबत घेऊन परत येतो. इफिस 4:22–24 मध्ये म्हणूनच कपड्याची भाषा आहे: जुना मनुष्य उतरवा, नवा घाला. दोन्ही एकाच हालचालीत.

त्याच अध्यायात 25 ते 32 या आठ वचनांत पौल एकेक उदाहरण घेतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी जोडी देतो, बरेचदा कारणासकट. चोराचे उदाहरण जवळून बघण्यासारखे आहे. त्याने चोरी थांबवली एवढ्याने पौलाचे समाधान नाही. त्याने स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, आणि तेही कशासाठी? गरजवंताला देता यावे म्हणून. जे हात लोकांचे उचलत होते तेच आता लोकांना देतात. चोर कधी बदलला? देऊ लागला तेव्हा. नुसता चोरी न करणारा चोर हा संधी न मिळालेला चोरही असू शकतो.

आपल्या गोष्टीची अशीच जोडी वहीत लिहा. वरच्या बुधवारच्या नोंदीवरून ती अशी होईल: घरात पाऊल टाकण्याआधी दाराबाहेर एक मिनिट थांबून ‘आत जे घर आहे ते तुझे आहे, माझी सेवा इथे आहे’ एवढी प्रार्थना, पहिली 30 मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत, आधी काहीतरी खाणे, मग मुलीजवळ जाऊन बसणे, तिने हाक मारायच्या आधी. यातले खाणे फारसे ‘आध्यात्मिक’ वाटत नाही. पण 1 राजे 19 मध्ये खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी दोनदा जेवायला उठवतो आणि बोलणे नंतर होते.

निंदेची सवय असेल तर: ते नाव निघताच त्या माणसाबद्दल खरी असलेली एक चांगली गोष्ट बोला, नाहीतर विषय बदला, नाहीतर उठा. आणि रोज त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. ज्याच्यासाठी रोज मागतो त्याच्याबद्दल वाईट बोलताना जीभ अडखळते. हेवा असेल तर रोम 12:15 शब्दशः पाळा: ज्याचे चांगले झाले त्याला त्याच दिवशी भेटून किंवा फोन करून अभिनंदन करा, मनात आनंद आलेला नसला तरी. हे ढोंग होत नाही, कारण आपण आनंद झाल्याचा आव आणत नाही. त्याच्या आनंदापुढे वाकतो. लोभ असेल तर 1 करिंथ 16:2 प्रमाणे ठरलेला हिस्सा आधी बाजूला काढा, महिनाअखेरीस उरेल त्यातून नाही. डोळ्यांची वासना असेल तर रात्री फोन झोपण्याच्या खोलीत नेऊ नका. मध्यरात्री मोहाशी वाद घालून जिंकणारे थोडे. संध्याकाळी नऊला फोन बाहेर ठेवणे सगळ्यांना जमते.

वचन: थोडे, पण रोज, आणि त्याच दिवशी कृतीत

मापे माहीत असली की योजना आखता येते. नव्या करारात 27 पुस्तके आणि 260 अध्याय आहेत. आठवड्यात पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर बरोबर वर्षभरात पुरा होतो, आणि मागे पडलेले भरून काढायला दोन दिवस हाताशी राहतात. 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार. ही योजना बहुतेकांची लेवीय या नियमांच्या पुस्तकात गळते, म्हणून पहिल्या वर्षी नवा करार आणि सोबत स्तोत्रे घेणे बरे.

पण ज्या एका गोष्टीवर काम चालू आहे तिच्यासाठी वेगळे वाचन हवे: एकच उतारा, आठवडाभर तोच. रोज मोठ्याने वाचा. तिसऱ्या दिवशी त्यातले एक वचन पाठ करा. याकोब 1:22–25 मध्ये आरशात तोंड बघून लगेच विसरणाऱ्याचे चित्र आहे. त्यावरचा उपाय म्हणून वाचन संपवताना एक ओळ लिहा: आज रात्रीपर्यंत यातले मी काय करणार, कुणाशी. ओळ लिहिता आली नाही तर वाचन अजून संपलेले नाही.

सोबत

एकट्याने हे टिकत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी डिसेंबर 1738 मध्ये लहान गटांसाठी नियम लिहून काढले. आठवड्यातून किमान एकदा भेटायचे आणि प्रत्येकाला सरळ विचारायचे: मागच्या भेटीपासून कोणते पाप घडले, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. तिसरा प्रश्न गाळू नका. तो नसला की बैठक नुसती रडगाण्याची होते.

दोघे किंवा तिघे, पुरुषांनी पुरुषांसोबत आणि स्त्रियांनी स्त्रियांसोबत, ठरलेल्या वारी 45 मिनिटे. पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या की इथले बाहेर जाणार नाही, नवरा-बायकोलाही सांगितले जाणार नाही. असे गट मोडतात ते बहुधा ‘प्रार्थनाविषय’ म्हणून कुणाची तरी गोष्ट मंडळीत फिरल्यामुळे. ऐकणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये. याकोब 5:16 कबुलीनंतर प्रार्थना सांगते, भाषण सांगत नाही.

दुखावलेल्याने क्षमा कशी करावी

मत्तय 18 मधल्या दाखल्यात धनी एका दासाचे प्रचंड कर्ज माफ करतो, आणि तोच दास आपल्या सोबतीच्या दासाकडचे कर्ज सोडत नाही. त्यातले आकडे मांडून बघा. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची कमाई. धन्याने माफ केलेले 10,000 तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. पण दुसऱ्या दासाचे 100 दिनारही काही थोडे नव्हते, तीन महिन्यांची कमाई होती ती. म्हणजे आपले जे नुकसान झाले ते येशू किरकोळ म्हणत नाही. ते खरे आहे, मोठे आहे, आणि तरी सोडून द्यायचे आहे.

म्हणून क्षमा करताना आधी नुकसान नेमके लिहा: काय गेले, किती वर्षे गेली. मग देवासमोर एकेक वाचून म्हणा, ‘हे मी त्याच्याकडून वसूल करणार नाही.’ राग पुन्हा उसळेल. तेव्हा तीच क्षमा पुन्हा करायची. क्षमा म्हणजे त्या माणसावर लगेच पुन्हा भरवसा ठेवणे मात्र नव्हे. भरवसा हळूहळू, पुराव्याने परत येतो. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि पोलिसांची मदत घ्या. ‘क्षमा कर आणि परत जा’ असा सल्ला कुणी, अगदी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी दिला, तरी ऐकू नका.

कुठे अडते

काही बेड्यांना वैद्यकीय बाजू असते. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ‘आजपासून प्रभूसाठी बंद’ म्हणून एका झटक्यात सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. नैराश्य आठवड्यामागून आठवडे उतरत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषध घेणे हा अविश्वास नाही.

पुन्हा घसरण होणारच. तेव्हा वहीत तारीख घाला, त्याच तासाला कबुली द्या, जोडीत काय कमी पडले ते बघा, गटाला सांगा. 2 करिंथ 7:10 मधले दुःखाचे दोन प्रकार, पश्चात्तापाकडे नेणारे आणि मरणाकडे नेणारे, इथे ओळखता येतात. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा, दोघांनाही पस्तावा झाला. एक रडून पुन्हा प्रभूकडे आला, दुसरा एकटाच अंधारात गेला. तुमचे दुःख तुम्हाला कुणाकडे नेते आहे ते बघा.

आणखी एक धोका असा, की जे आपल्याला दिसतच नाही त्यावर आपण काम करत नाही. जॉन न्यूटन 1748 मध्ये समुद्रावरच्या वादळात देवाकडे वळले. त्यानंतरही 1754 पर्यंत ते गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होते, त्यातली काही वर्षे कप्तान म्हणून. 1764 मध्ये धर्मसेवेची दीक्षा झाली. त्या व्यापाराविरुद्ध जाहीर लिखाण आणि स्वतःच्या सहभागाची कबुली आली ती 1788 मध्ये, चाळीस वर्षांनी. शिव्या आणि दारूसारख्या गोष्टी लवकर सुटल्या, कारण त्या भोवतालच्या भल्या लोकांनाही पाप वाटत होत्या. हा व्यापार मात्र प्रतिष्ठित होता. जे पाप भोवतालच्या सगळ्यांना चालते ते आपल्या वहीत आपोआप येत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी दाखवावे लागते.

म्हणून तीन महिन्यांनी एकदा, घरच्या किंवा कामावरच्या अशा एका माणसाला, ज्याला तुमच्यापासून काही लपत नाही, दोन प्रश्न विचारा: ‘माझ्यासोबत राहणे कशामुळे सोपे झाले आहे? आणि अजून कशामुळे अवघड जाते?’ शक्य तर तुमच्या हाताखालच्या माणसाला विचारा, कारण झळ त्याला आधी लागते. तो बोलत असताना मध्ये बोलू नका, खुलासा करू नका, आभार माना. त्याने दुसऱ्या प्रश्नाला दिलेले उत्तर वहीच्या नव्या पानावर, त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. पुढचे सहा आठवडे तेच घ्यायचे आहे.